द्वारकाकाकीचा व्हिलन

१९७० साल. मी दहा वर्षांचा होतो, आणि एवढ्या वयात सुरीनं, गोळीनं, कड्यावरून ढकलून, घोड्यामागं फरफटवून अशी कितीतरी माणसं मरताना बघून झाली होती. सगळी तंबूत. भातकापणी झाली की आमच्या वाडीमागच्या मळ्यात फिरती टॉकीज उतरायची, ती मे महिन्यापर्यंत. भाताचे खुंट ढुंगणाला टोचायचे, पण पडद्यावर चाबूक चालू झाला की टोचणं कळायचं नाही.

मला तंबूत नेणारी द्वारकाकाकी.

धाकट्या नातवाच्या शाळेत परवा सभा होती. बाई सांगत होत्या, मारामारीचे पिक्चर मुलांना दाखवू नका, मुलांच्या मनावर परिणाम होतो. होतो. माझ्यावर झाला. तो वाईट झाला असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी हे शेवटपर्यंत वाचावं, मग म्हणावं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं आयुष्य चिऱ्याच्या खाणीवर गेलं, लिहिण्याचा हात नाही. पण ही बाई कागदावर ठेवल्याशिवाय मी मरणार नाही.

काकी म्हणजे सख्खी नव्हे. आमची वाडी भाट्याच्या खाडीकाठी, सगळी मासेमारीवर जगणारी घरं, आणि तिची पडवी आमच्या पडवीला लागून. उंच, काळी, कासोटा मारलेली, डोक्यावर मासळीची पाटी. चालायला लागली की बरोबरच्या बायकांना धावावं लागे. आवाज असा की तिनं या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा कुत्रा उठून उभा राहायचा. पोरबाळ नव्हतं. मासळीचा भाव एकदा सांगितला की सांगितला. एखादी बामणीण घासाघीस करायला लागली की पापलेट तिच्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "वयनी, तुम्ही आज डाळ करा."

नवरा रघुनाथ. आम्ही त्याला रघूकाका म्हणायचो. तो आदल्या वर्षी श्रावणात बुडाला, आणि सगळी गोष्ट तिथूनच आहे.

पावसात दर्या बंद असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ सोडायचा आणि मगच होडी बाहेर काढायची, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याआधी होडी घालणं म्हणजे नुसता धोका नव्हे, पाप. पण आमच्या वाडीत भिकाजीशेठ म्हणून होता. होड्या त्याच्या, जाळी त्याची, पालखीपुढं चालायचा मानही त्याचाच. त्याला बाजारात पहिली मासळी आपली हवी होती. नारळाच्या आधीच त्यानं खलाशांना होडी घालायला सांगितलं. माझ्या बापसानं पोट दुखतंय म्हणून पाय मागं घेतला. दुसऱ्यानं आणखी काही सांगितलं. रघूकाका भिडस्त, त्याला नाही म्हणता आलं नाही. लहान होडी घेऊन तो खाडीच्या मुखाशी गेला आणि तिथल्या लाटेत उलटला. पुढं भाट्याच्या वाळूत लागला.

भिकाजीशेठनं पंचांना सांगितलं, "दारू प्यायलेला होता. माझी होडी न विचारता नेलान."

रघूकाकाला दारूच्या वासानंसुद्धा मळमळायचं. वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला खरं ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. माझ्या बापसानंही नाही. आम्ही भिकाजीच्या होडीवर जगत होतो.

काकीला भरपाई नको होती. तिला एकच हवं होतं: ज्या तोंडानं माझ्या नवऱ्याला दारुड्या म्हटलं, त्याच तोंडानं चार माणसांत खरं निघालं पाहिजे. ते कसं काढायचं, हे शिकायला ती पिक्चर बघायची. कोणाला खरं वाटणार नाही, पण मी तिच्याबरोबर होतो.

बाईमाणूस एकटी तंबूत कशी जाणार, म्हणून सोबतीला मी. दारावर तिकिटं फाडायला कोल्हापूरकडचा एक माणूस असायचा. त्याला सुक्या जवळ्याचं वेड लागलेलं. काकी तिकिटाऐवजी पदराखालून जवळ्याची पुरचुंडी काढायची.

"काय मावशी, आज जास्त आणला न्हवं?"

"पिक्चर बघून सांगतंय. मारामारी कमी असली तर अर्धा परत घेणार."

"आवो, आज तर लई हाणामारी हाय. रक्ताचा पाट!"

"रक्त नको मला. शेवटी तो बोलतो काय, ते सांग."

"कोण?"

"व्हिलन."

त्या माणसाला हे कधी कळलं नाही. मलाही कळायला वेळ लागला.

तंबूत बायका दोरीच्या एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी लोखंडी खुर्च्यांवर मोठे लोक. काकी दोरीला चिकटून बसायची, मी दोरीच्या अलीकडं. पिक्चर बहुतेक एकाच वळणाचे. पहिल्या घटकेत हीरोचा बाप मरायचा, मग हीरो मोठा व्हायचा, मग एकेकाला गाठून मारायचा. सगळा तंबू शिट्ट्या मारायचा. काकी मात्र चिडायची. हीरोनं व्हिलनचा गळा धरला की ती उभी राहून ओरडायची, "मारू नको रे मेल्या! आधी वदव त्याच्याकडून! वदव!"

लोक हसायचे. कोणीतरी ओरडायचं, "द्वारके, बस खाली, तुझं डोकं पडद्यावर येतंय!"

व्हिलन मेला की ती लगेच उठायची. "चल सद्या. मारलान. आता विचारणार कोणाला?" पुढं हीरोचं लग्न असायचं, गाणं असायचं, ते मी कधीच बघितलं नाही. माझ्या लहानपणीचे सगळे पिक्चर व्हिलनच्या मरणाशी संपलेले आहेत.

घरी येताना बांधावरून चालत ती माझी परीक्षा घ्यायची. "सांग, हीरो कुठं चुकला?"

मी म्हणायचो, "कुठं चुकला? सगळ्यांना मारलान की!"

"तेच चुकलं. बघायला कोण होतं? डोंगरात नेऊन मारलान. गावाला काय कळलं? गाव म्हणणार, ह्या पोरानं म्हाताऱ्या शेठला मारलान. बापाचं नाव तसंच मातीत."

हे तिचं शिक्षण. अंगाला हात लावायचा नाही. एकट्यात काही करायचं नाही. आणि मरू तर द्यायचंच नाही, कारण मेलेल्याच्या तोंडून काही निघत नाही.

भिकाजीशेठही पिक्चरला यायचा. पांढरा सदरा, पांढरं धोतर, तोंडात पान, खुर्ची मधली. पोरांसारखा "मार! अजून मार!" म्हणून ओरडायचा. एकदा काकी मुद्दाम त्याच्या खुर्चीच्या पुढ्यात जाऊन बसली. पडद्यावर व्हिलन आला, त्याचेही कपडे पांढरे. काकी सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आलान बघा. पांढरे कपडे, तोंडात पान. दुसऱ्याला पाण्यात लोटील आणि हात पुसून मोकळा."

भिकाजी पुढं वाकला. "काय गो द्वारके, कोणाला म्हणतंस?"

"पडद्यावरच्याला म्हणतंय, शेठ. तुम्ही कशाला वाकलात?"

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. भिकाजी मध्यंतरात उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी काकीला धक्क्यावर मासळी मिळाली नाही. त्याच्या माणसांनी तिची पाटी रिकामीच ठेवली. ती तशीच रिकामी पाटी डोक्यावर घेऊन भिकाजीच्या दारावरून गेली, हळूहळू, कधी नव्हे ती हळूहळू, सगळ्यांना दिसेल अशी.

मला ते बघवलं नाही. भिकाजीचा पोरगा अनंता माझ्याच वयाचा. शाळेच्या वाटेवर त्याला गाठला. पिक्चरमध्ये बघितलेलं सगळं होतं डोक्यात. "तुझ्या बापसानं आमच्या रघूकाकाला मारलान!" म्हणून मी नारळाच्या झावळीचा दांडा त्याच्या भुवईवर हाणला. रक्त आलं. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर आजही ते आठवून बरंच वाटतं.

काकीला सांगायला पळत गेलो. वाटलं, पाठ थोपटील. तिनं माझ्या थोबाडीत अशी दिली की कानात शिट्टी वाजली.

"मेल्या, सोडवलास त्याला! आता सगळी वाडी अनंत्याची भुवई बघणार. कालपर्यंत मी खरी होते, आजपासून तो बिचारा!"

तसंच झालं. बापसानं मला मारलं, भिकाजीच्या दारात नेऊन नाक घासायला लावलं. भिकाजी पान थुंकून म्हणाला, "सोड रे, पोर हाय. त्या बाईनं शिकवलंन." आणि वाडीनं माना हलवल्या. काकी पडवीतून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नवरा गेला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. नुसती दाताखाली काहीतरी धरल्यासारखी उभी.

मग ती आवाजाची गोष्ट झाली.

एक पिक्चर आठवडाभर चालायचा. लोक तोच तो पुन्हा बघायचे. एका संध्याकाळी पिक्चर अर्ध्यावर आला आणि मशीनचा आवाज गेला. चित्र चालू, तोंडं हलतात, ऐकू काही नाही. आम्हाला वाटलं आता बोंबाबोंब होणार. कसली! हीरो जिथं दरडावून बोलायचा तिथं लोकांनी बरोबर टाळ्या मारल्या. जिथं कालच्या खेळाला शिट्टी वाजली होती तिथंच आजही वाजली. मागून भिकाजी आपल्या ठरलेल्या जागी ओरडला, "मार! अजून मार!"

मी काकीकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघतच नव्हती. पाठमोरी वळून लोकांची तोंडं बघत होती. भिकाजीचं तोंड बघत होती. त्या दिवशी व्हिलन मरायच्या आधीच ती उठली.

वाटेत परीक्षा घेतली नाही. बांध संपल्यावर एवढंच म्हणाली, "ऐकत कोण नाय रे सद्या. ठेका ठाऊक हाय, नुसते ओरडतंत."

त्यानंतर ती तंबूत जायची बंद झाली. जवळ्याची पुरचुंडी घेऊन मी एकटाच जायला लागलो. ती गेली गुरवाकडं.

गुरव म्हणजे नाना. गावदेवीची पूजा त्याच्याकडं, आणि शिमग्यात पालखी घरोघर नेताना गाऱ्हाणं घालायचं कामही त्याचंच. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पालखी अंगणात येते, ढोल थांबतो, गुरव देवीसमोर त्या घरची सुखदुःखं बोलतो. एकेक वाक्य झालं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "होय महाराजा!" घरच्यांनी काय मागायचं ते गुरवाला आधी सांगून ठेवायचं. वर्षानुवर्षं तेच: पोराला नोकरी, म्हशीला दूध, म्हातारीचे गुडघे. त्यामुळं कान कोणी देत नाही. ठेका पकडून होय म्हणायचं आणि पुढच्या घरी जायचं.

मी मासळी पोचवायला म्हणून काकीबरोबर नानाकडं गेलो होतो. काकी काय बोलायचं ते सांगत होती आणि नानाचा चेहरा उतरत चालला होता.

"द्वारके, मला ह्या गावात राहायचं हाय."

"मला पण राहायचं हाय, नाना."

"भिकाजी मला वाळीत टाकील."

"का? प्रत्येक घरचं गाऱ्हाणं घरवाला सांगतो, तू बोलतोस. माझ्या घरात घरवाला नाय. म्हणून मी सांगतंय."

"आणि कोणी होय म्हटलं नाय तर? मी एकटा उघडा पडेन."

"म्हणतील. तू फक्त ठेका मोडू नको. सगळ्यांत मोठ्यांदा तोच म्हणेल बघ."

नाना म्हणाला, "रघू माझ्या वर्गात होता गो." एवढंच.

शिमग्यात आमच्या वाडीत पालखी दुपारी आली. ऊन असं की ढोलवाल्यांच्या पाठी चमकत होत्या. आमच्या घरचं गाऱ्हाणं झालं, आणि पालखी वळून काकीच्या अंगणात टेकली. काकीनं अंगण सारवून आरशासारखं केलेलं. पालखीपुढं भिकाजीशेठ, फेट्यात, छाती काढून. मानकऱ्यानं होय म्हणताना आवाज चढवायचा असतो, आणि भिकाजीला आपल्या आवाजाचा फार अभिमान.

ढोल थांबला. नानानं हात जोडले.

"आई माउली, वर्साचा सण, तुझी पालखी लेकरांच्या दारात आली..."

"होय महाराजा!"

"ह्या घरची बाई एकटी हाय, तिच्या पाठीशी उभी रहा..."

"होय महाराजा!"

"तिच्या पाटीला बरकत दे, वाटेवर काटाकुटा येऊ देऊ नको..."

"होय महाराजा!"

मी नानाच्या तोंडाकडं बघत होतो. आवाज तसाच, वर जाऊन खाली येणारा.

"हिचा घरधनी रघुनाथ, त्याला नारळ सोडायच्या आधी भिकाजीनं दर्यात धाडलान..."

"होय महाराजा!"

"तो दारू प्यायलेला नव्हता, भिकाजी पंचांसमोर खोटं बोलला..."

"होय महाराजा!"

दोन्ही वेळा सगळ्यांच्या वर एक आवाज होता, खणखणीत, पानानं लाल झालेल्या तोंडातून आलेला. भिकाजीचा.

पहिल्यांदा कळलं ते ढोलवाल्याला. त्याच्या हातातली काठी खाली पडली. मग एकेकाच्या तोंडावर ते चढत गेलं, भरतीचं पाणी चढतं तसं. सगळ्यांत शेवटी भिकाजीच्या तोंडावर. मी त्या दिवसापर्यंत पडद्यावर पुष्कळ व्हिलन मरताना पाहिले होते. असा चेहरा एकाचाही झाला नव्हता.

"नाना!" भिकाजी ओरडला. "हे काय बोललास?"

"घरचं गाऱ्हाणं हाय शेठ. घरवालीनं सांगितलंन, मी बोललो." नानाचा आवाज आता मात्र फुटला होता. "होय तुम्ही म्हणालात."

"मी ऐकलं नव्हतं! मी परत घेतो!"

पालखीला टेकून एक म्हातारा मानकरी उभा होता. तो म्हणाला, "देवीसमोर म्हटलेलं परत घेतात काय रे भिकाजी? आजपर्यंत कोणी घेतलंय?"

आणि मग माझा बापूस, जो श्रावणापासून मान खाली घालून होता, तो पुढं आला. "नारळ सोडला नव्हता," तो म्हणाला. "मला पण जायला सांगितलंन. मी पोटाचं निमित्त केलं. रघू गेला. सकाळी मी त्याच्याशी बोललो होतो, तो शुद्धीत होता." मग दुसरा बोलला. मग तिसरा. एवढे दिवस कुठं ठेवलं होतं सगळ्यांनी, देव जाणे.

काकी दारात उभी होती. हातात पंचारती. तिनं भिकाजीकडं पाहिलंसुद्धा नाही. देवीची ओटी भरली, ओवाळलं, आणि म्हणाली, "पालखी उचला. पुढच्या घरची माणसं ताटकळली असतील."

पालखी पुढं गेली, भिकाजीशिवाय.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर त्याच्या होड्यांवर चढायला माणूस मिळेना. नारळाआधी दर्यात गेलेल्या होडीवर पाय कोण ठेवणार? माझा बापूसही दुसरीकडं लागला. भिकाजीनं होड्या काढून टाकल्या आणि आंब्याच्या धंद्यात शिरला. एकदा साडी-नारळ घेऊन तो काकीच्या पडवीत आला. आम्ही शेजारून ऐकत होतो.

"द्वारके, झालं ते झालं. मिटवून टाकू."

"शेठ, मी कुठं भांडतंय? मी देवीजवळ बोलते. ती ऐकते."

"पुढच्या वर्षी नको बोलू म्हणजे झालं."

"पुढच्या वर्षी माझा नवरा जिता होणार हाय काय?"

साडी तिनं उचलून त्याच्या हातात परत दिली. नारळ मात्र ठेवून घेतला. त्याची कढी केली आणि मला वाडगाभर दिली.

आणि पुढच्या शिमग्याला तेच गाऱ्हाणं, त्याच शब्दांत. त्याच्या पुढच्याही. एकही वर्ष चुकवलं नाही. नाना गेला, त्याचा पोरगा गाऱ्हाणं घालायला लागला, त्यालाही तिनं ते पाठ करून दिलं. मुंबईहून शिमग्याला येणारी नवी पोरं विचारायची, हा रघुनाथ कोण, हा भिकाजी कोण. मग त्यांना कोणीतरी सगळं पहिल्यापासून सांगायचं. काकीला तेच हवं होतं. भिकाजी शिमग्याच्या दिवसांत मुंबईला लेकीकडं जाऊन बसायचा. मान त्याच्या घराण्याकडून गेला तो गेलाच.

भिकाजी मेला त्या दिवशी काकीनं मासळी विकली नाही. पडवीत बसून राहिली. मला वाटलं, काही झालं तरी माणूस गेला, वाईट वाटलं असेल. विचारलं तर म्हणाली, "सुटलान मेला." आणि थुंकली.

पुढं तिच्या पडवीत टीव्ही आला. मालिका बघायची आणि शिव्या द्यायची. "ही बाई सूड घेणार म्हणतेय, आणि गेलं वर्षभर नुसती डोळे वटारतेय." मारामारीचा पिक्चर लागला की मला हाक मारायची. मी साठीला आलो तरी व्हिलन मेला की टीव्ही बंद करून विचारायची, "सांग, कुठं चुकला?" मला उत्तर यायला लागलं होतं. तिला ते आवडायचं नाही. मग ती माझ्या उत्तरातली चूक काढायची.

गेल्या शिमग्याला तिला मी शेवटचं नीट बघितलं. चालता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर अंगणात बसवली होती. जांभळं लुगडं, हाताच्या नुसत्या काड्या. गाऱ्हाणं सुरू झालं तसे तिनं डोळे बारीक केले आणि गर्दीतल्या एकेकाची तोंडं बघायला लागली. कोण होय म्हणतंय, कोण नुसते ओठ हलवतंय. अनंता मागं उभा होता, आता अनंतशेठ. त्याचे ओठ मिटलेले. काकीनं हाडकुळं बोट उचलून त्याच्याकडं दाखवलं आणि तसंच धरून ठेवलं, सगळी गर्दी वळून बघेपर्यंत. शेवटी त्यानं तोंड उघडलं. काकीनं बोट खाली घेतलं. पावसाळ्यात ती गेली.

यंदा पालखी आमच्या वाडीत यायच्या आदल्या दिवशी अनंता माझ्याकडं आला. गाडीतून, हापूसची पेटी घेऊन. भुवईवरची माझी खूण अजून आहे. ओटीवर बसला, घाम पुसला.

"सदा, आपण एका वयाचे. काकी गेली. घराला कुलूप हाय, कुलपाच्या दारात पालखी थांबत नाय. आता हे आपोआप संपतंय, तर संपू दे."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"माझा बापूस जाऊन किती काळ झाला. माझ्या नातवंडांनी काय केलंय? ती पण शिमग्याला गावात येत नाय, लाज वाटते म्हणून."

खोटं नव्हतं त्याचं. मी चहा मागवला.

चहा पिता पिता तो म्हणाला, "तुझा मोठा नातू आमच्याकडं जयगडला हाय ना? बंदरावर माणसं पुरवायचं काम आमचंच. चांगला पोरगा हाय. ह्या वर्षी त्याला कायम करायचं बघतोय." मग हसून पेटी माझ्याकडं सरकवली आणि गेला.

संध्याकाळी नातू पाळी संपवून आला. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं.

"आजोबा, तुम्ही काही करणार नाही ना?"

"कशाला काय करीन?"

"ते लोक वाईट नाहीत हो. मला नोकरी दिली त्यांनी. आणि आता ना काकी आहे, ना तो भिकाजी. आता कोणाकडून काय वदवून घ्यायचं राहिलंय?"

पोरगं शिकलेलं आहे, प्रश्न बरोबर विचारतं. मी त्याला म्हटलं, जेव. तो जेवला. मी विचार करत पडलो. त्याची नोकरी जाईल, हे मला कळत होतं. सून माझ्याशी बोलणार नाही, हेही कळत होतं. आणि रघूकाका बुडाला तेव्हा माझ्या बापसानंही असाच पोराबाळांचा विचार करून तोंड मिटलं होतं, हेही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी हापूसची पेटी न फोडता अनंताच्या ओटीवर ठेवून आलो. मग माझ्याकडं ठेवलेल्या किल्लीनं काकीच्या घराचं कुलूप काढलं, दोन्ही दारं सताड उघडली, केर काढला, शेण कालवून अंगण सारवलं, आणि तसेच शेणाचे हात घेऊन नानाच्या पोराकडं गेलो. म्हटलं, "हे घर बंद नाय. पालखी आत आण."